खरखरीसकट

केसरबाई केरकरांना ध्वनिमुद्रणाचं फारसं प्रेम नव्हतं. त्या पिढीतल्या अनेक कलावंतांना नव्हतं. तबकडी एकदा बाजारात गेली की ती कुठल्या हॉटेलात, कुणाच्या भज्यांच्या घाण्याशेजारी वाजेल याचा भरवसा नसे. अशा बाईंची भैरवी १९७७ साली थेट अंतराळात गेली. २० ऑगस्टला व्हॉयेजर-२ निघालं, ५ सप्टेंबरला व्हॉयेजर-१, आणि दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसवलेली. कार्ल सेगन यांच्या समितीने साऱ्या मानवजातीच्या वतीने निवडलेलं सुमारे दीड तासाचं संगीत तिच्यावर आहे. बाख आहे, बीथोव्हन आहे, चक बेरी आहे आणि गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई आहेत, साडेतीन मिनिटं. व्हॉयेजर-१ निघाल्यावर अकरा दिवसांनी बाई गेल्या.

परग्रहावर ग्रामोफोन नसेल हे गृहीत धरून अमेरिकनांनी सोबत सुई आणि कार्ट्रिजही दिलं आहे. ते कसं लावायचं, तबकडी किती वेगाने फिरवायची याची चित्रंही कोरली आहेत. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर मात्र ज्याचे त्याने आणायचे आहेत. आणि हे मुद्रण मुळात ७८ फेऱ्यांच्या जमान्यातलं, म्हणजे केसरबाई जिथे जिथे पोचतील तिथे खरखरीसकट पोचतील. आता कुठल्या तरी ताऱ्याशेजारी दोघा रसिकांनी ही तबकडी लावली असं समजा. एक म्हणेल, "काय आवाज आहे हो बाईंचा!" दुसरा म्हणेल, "आवाज आहे, पण बास कुठंय? याची स्वच्छ कॉपी मिळेल का पृथ्वीवर?"

हा दुसरा पृथ्वीवरही आहे. तो आमच्या ओळखीचा आहे. पण त्याच्याकडे जाण्याआधी खरखरीची बाजू मांडली पाहिजे, कारण तिच्या बाजूने कुणी बोलत नाही.

जुन्या तबकड्यांची खरखर चुकून आलेली नव्हती, ती पाककृतीतच होती. तबकडी लाखेची. लाख ठिसूळ, म्हणून तिच्यात दगडाची वस्त्रगाळ पूड आणि काजळी कालवायची. पूड मुद्दाम जरा खरबरीतच ठेवायची, कारण पोलादी सुई पहिल्या फेऱ्यांत घासून खाचेच्या मापाची व्हायला हवी. म्हणजे सुई तबकडी वाजवी ते नंतर, आधी तबकडी सुईला कानस लावी, आणि त्या कानशीच्या आवाजामागे गाणं चालू असे. लाखेच्या घरातून पांडव सुखरूप निसटले. लाखेच्या तबकडीतून काय काय निसटलं याचा हिशेब करायचा तर तंबोरे सगळेच्या सगळे, डग्गा जवळजवळ पूर्ण आणि गवयाचा खर्ज निम्मा.

१९२५ च्या सुमाराला विजेवरचं ध्वनिमुद्रण येईपर्यंत तर मायक्रोफोनच नव्हता. समोर एक कर्णा, त्यात तोंड घालून गायचं. आवाज चढला की मागे सरायचं, उतरला की पुढे. हे सगळं तीन मिनिटांत. आलाप, बंदिश, ताना, तिहाई आणि वर स्वतःचं नाव ओरडून सांगायचं, कारण १९०२ साली कोलकात्यात गायलेली तबकडी छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायची, आणि तिथल्या कारागिराला कुठली गौहरजान आणि कुठली दुसरी कोण, हे कळणार कसं? गौहरजानने ते इंग्रजीत आणि मोठ्या झोकात सांगून ठेवलं आहे. आज चार-चार पानी पत्रिकेत बसत नाही एवढा परिचय तिने एका वाक्यात उरकला.

एवढ्या सगळ्यातून जे शिल्लक राहिलं, त्यातली अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी गदगच्या एका शाळकरी पोराच्या कानावर पडली. "वरच्या फ्रीक्वेन्सी कापल्या गेल्यात," असं ते पोर म्हणालं नाही. ते अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडून पळालं आणि पुढे त्याचं भीमसेन जोशी झालं. चोवीस बिटांची फाइल ऐकून कुणी घर सोडल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. घर विकल्याचं आहे.

तर आता साहेबांकडे जाऊ.

साहेब निवृत्त इंजिनिअर. त्यांच्या फ्लॅटमध्ये एक खोली गाण्याची आहे. गाण्याची म्हणजे सिस्टीमची. खोलीत खुर्ची एकच. ती कुठे ठेवायची याची खूण जमिनीवर चिकटपट्टीने केलेली, आणि त्या खुर्चीत आपण बसलो की साहेब मागून आपलं डोकं दोन्ही हातांनी धरून दोन इंच डावीकडे सरकवतात. केशकर्तनालयानंतर माझ्या डोक्याला इतक्या अधिकाराने कुणी हात लावलेला नाही. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर, तो तापायला अर्धा तास. स्पीकरच्या केबली जमिनीला टेकलेल्या नाहीत, छोट्या छोट्या लाकडी ठोकळ्यांवर उचलून धरलेल्या. का, असं विचारलं तर साहेब दयार्द्र नजरेने बघतात. केबलीची किंमत सांगताना ते आवाज खाली आणतात आणि दाराकडे बघतात, कारण पलीकडे स्वयंपाकघर आहे आणि वहिनींचे कान उत्तम आहेत.

मग गाणं लागतं. ते बहुतेकदा 'हॉटेल कॅलिफोर्निया' असतं, तेही १९९४ च्या मैफलीतलं. भारी सिस्टीम विकणाऱ्या दुकानांमध्ये आणि ती विकत घेणाऱ्या घरांमध्ये हे गाणं सत्यनारायणाच्या कथेसारखं होतं, आणि कथेप्रमाणेच कुणी ते शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकत नाही. सुरुवातीला एक ढोल आहे. तो ढोल छातीत वाजला पाहिजे. वाजला की साहेब आपल्याकडे बघतात, आपण मान डोलावतो आणि ते गाणं बदलतात. त्या गाण्यात पुढे कुणी गातं, हे मला फार उशिरा, रिक्षात कळलं.

"ऐकलंत?" पुढच्या गाण्यातली बाई गायला लागली की साहेब विचारतात.

"काय?"

"तिने श्वास घेतला तो. ओठ विलग झाल्याचा आवाज."

बाई श्वास घेतात हे मला मान्यच होतं, पण त्याचा पुरावा इतका महाग असेल असं वाटलं नव्हतं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. ती डावीकडून, पाठीमागून, साधारण कंबरेच्या उंचीवरून आली हे डोळे मिटूनही नेमकं सांगता येत होतं. साहेब ज्याला इमेजिंग म्हणतात ते हेच असावं.

साहेबांचं म्हणणं, वीजसुद्धा शुद्ध लागते. रात्री अकरानंतर लिफ्टची ये-जा थांबली की ती निवळते. हसू नका. जपानमध्ये काही शौकिनांनी घराबाहेर स्वतःचा स्वतंत्र विजेचा खांब उभारून घेतला आहे, शेजाऱ्यांच्या फ्रिजने आपली वीज विटाळू नये म्हणून. आमच्या गल्लीत असा खांब उभारला तर दुसऱ्या दिवशी त्यावर केबलवाल्याची वेटोळी, शिकवणीवर्गाची पाटी आणि भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फलक लागेल, आणि बासवर त्याचा काय परिणाम होतो याचा अभ्यास झालेला नाही.

हे सोवळं कसं असतं त्याचा एक नमुना २०२२ साली अमेरिकेत दिसला. मोबाइल फिडेलिटी नावाची, शौकिनांसाठी महागड्या तबकड्या काढणारी कंपनी आहे. मूळ टेपवरून थेट, मध्ये डिजिटलचा स्पर्श नाही, या समजुतीने लोक त्या तबकड्या घेत आणि त्यातली ऊब, तो जिवंतपणा, यावर पानंच्या पानं लिहीत. मग उघड झालं की बऱ्याच तबकड्यांच्या प्रक्रियेत मधली एक पायरी डिजिटल होती, आणि तीही काही वर्षांपासून. म्हणजे वर्षानुवर्षं उपासाला खाल्लेल्या थालीपिठात कांदा निघाला, आणि तक्रार अशी की चव छान होती. बातमी आल्यावर मात्र अनेकांना तो कांदा लागायला लागला. कोर्टकचेऱ्या झाल्या. साहेब हा विषय निघाला की सुई पुसायला घेतात.

खरी गोची वेगळीच आहे, आणि ती निसर्गाने केली आहे. माणसाचा कान फार तर वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, तोही कोवळ्या वयात. पुढे वरचा मजला एकेक करून बंद होत जातो, आणि साठीच्या आसपास बारा हजारांपलीकडचं बहुतेकांना नीटसं येत नाही. म्हणजे सिस्टीमसाठी पैसे हातात येतात तेव्हा ऐकणारा कान गेलेला असतो. आणि ज्याचा कान शाबूत आहे ते कॉलेजातलं पोरगं मोबाइल स्टीलच्या पेल्यात उभा करून गाणं ऐकतंय, मजेत, पाय हलवत. साहेबांना हे सांगून पाहिलं. ते म्हणाले, "ऐकू येत नाही, पण जाणवतं." यावर वाद घालता येत नाही. ही अध्यात्माची भाषा आहे.

आता कुणाला वाटेल, की साहेब यंत्र ऐकतात, गाणं ऐकणारे ते दुसरे. त्या दुसऱ्यांनाही भेटून घ्या.

अण्णा बँकेतून निवृत्त. त्यांच्याकडे सिस्टीम नाही, कपाट आहे. कपाटात कॅसेटी, साठाच्या आणि नव्वदच्या, पाठीवर बारीक अक्षरात राग, गाव, साल आणि कंसात 'खासगी'. हा 'खासगी' शब्द महत्त्वाचा. दुकानात मिळणारी रेकॉर्ड अण्णांच्या लेखी स्टुडिओत कोंडून केलेली गोष्ट. "अरे, हे काय मल्लिकार्जुन! मल्लिकार्जुन ऐकायचे तर धारवाडचे." मग कॅसेट लागते. आधी समुद्राची गाज. त्या गाजेमागे कुठेतरी एक माणूस गातोय, बहुधा शेजारच्या गावात. ही कॉपीची कॉपी, तिची कॉपी, अशी कितवी पिढी आहे ते अण्णाच जाणोत. प्रत्येकाने ती "कुणाला देणार नाहीस ना" अशी शपथ घालून दुसऱ्याला दिलेली. महाराष्ट्रातल्या गायनकलेचा निम्मा इतिहास मोडलेल्या शपथांवर टिकून आहे.

या मुद्रणांत सर्वांत स्वच्छ आवाज गवयाचा नसतोच. तो ज्याचा टेपरेकॉर्डर त्याचा असतो. माइक त्याच्या मांडीपाशी. त्यामुळे गाज, त्यापलीकडे अस्पष्ट पंडितजी, आणि मधूनच कानाशी तोंड लावल्यासारखं खणखणीत "क्या बात है!" या अनाम गृहस्थांना अण्णा आवाजावरून ओळखतात. तीन शहरांतल्या कॅसेटींत हेच गृहस्थ आहेत. घराण्यांच्या इतिहासात त्यांचं नाव नाही, पण एवढं उत्तम ध्वनिमुद्रण त्या काळात दुसऱ्या कुणाचं झालेलं नाही.

बागेश्रीच्या एका कॅसेटमध्ये विलंबितात कुणीतरी खोकतं. कोरडा, दोन मात्रांचा खोकला. अण्णांच्या संगतीत मी ती कॅसेट इतकी ऐकली, की आता कुणीही बागेश्री गायला लागला की मी त्या जागी खोकल्याची वाट बघतो. तो आला नाही की बंदिशीत काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

कॅसेट संपते ती नेहमी द्रुतात, तान सुरू होऊन समेकडे निघालेली असताना. खट्. बाजू उलटली की मधलं गेलेलं. अण्णा ती सम हाताने देतात. हवेत. चाळीस वर्षं देत आले आहेत. आणि साहेबांच्या 'जाणवतं'ला तोडीस तोड अण्णांचं वाक्य असं, की खरं गाणं रेकॉर्डमध्ये येतच नाही. या न्यायाने सर्वश्रेष्ठ कोण, तर ज्यांचं एकही ध्वनिमुद्रण नाही ते. अल्लादिया खाँसाहेबांचं नाही. भास्करबुवा बखल्यांचं नाही. त्यांच्या गाण्यात खरखर नाही, कापलेली तान नाही, कुणी खोकत नाही. शंभर वर्षांत एकाही टीकाकाराला एकही बेसूर जागा सापडलेली नाही.

एकदा अण्णांनी आणि त्यांच्या मित्राने जुन्या तबकडीवरून कडाक्याचं भांडण केलं. मुद्दा रागाचा नव्हता, पट्टीचा. सुरुवातीच्या काळात तबकड्या अचूक ७८ फेऱ्यांच्या असतच असं नाही. चौऱ्याहत्तरने घेतलेली तबकडी अठ्ठ्याहत्तरने लावली की गाणं जवळजवळ अर्धा स्वर वर चढतं, गवई तरुण होतो आणि ताना अद्भुत वाटायला लागतात. म्हणजे ज्या दाणेदार तानेवर दोन पिढ्यांनी कान पकडले, तिच्यात काही वाटा ग्रामोफोनच्या स्प्रिंगचा असू शकतो. मित्राने हे बोलून दाखवलं आणि तेव्हापासून तो अण्णांच्या घरी येत नाही.

माझं मत विचाराल तर मी गाण्याच्या बाजूचा आहे, पण अटीवर. मला सूर कळला पाहिजे आणि ठेका सापडला पाहिजे. एवढं असलं की बाकीची खरखर दोन-तीन मिनिटांत कान आपोआप गाळून टाकतो. गाळण्यासारखं गाणं असेल तरच, हेही आहे. गाणं सामान्य असेल तर खरखर शेवटपर्यंत ऐकू येते. लता मंगेशकर आपल्यापैकी बहुतेकांना पहिल्यांदा भेटल्या त्या गणपतीच्या मांडवावरच्या कर्ण्यातून, मधूनमधून "चेक, चेक, हॅलो" आणि हरवलेल्या मुलाच्या चड्डीचा रंग, यांसह. लताबाईंचं त्याने काही बिघडलं नाही.

उलट खरखर काढायला गेलेल्यांनी जास्त नुकसान केलं. जुनं ध्वनिमुद्रण संगणकावर घालून धुऊन काढतात. त्या यंत्राला खरखर आणि तंबोऱ्याची जवारी यांतला फरक नीटसा उमगत नाही. दोन्ही बारीक, दोन्ही सतत, दोन्ही वरच्या पट्ट्यात. मग खरखरीबरोबर तंबोराही निघून जातो आणि गवई पाण्याच्या टाकीत एकटा बसून गातोय असं वाटतं. अशा सीडीवर 'पुनरुज्जीवित' लिहिलेलं असतं. पण तबल्याच्या बाबतीत साहेबांचं मला पटतं. डग्ग्याची घुमक गेली की तबला नुसता टकटक करत राहतो, आणि ज्याचं अर्धं बोलणं डग्ग्यातच आहे अशा वादकावर तो अन्याय आहे.

समोरासमोरच्या मैफलीत तरी शुद्ध गाणं मिळावं, तर तिथे पहिला अर्धा तास 'साउंड' नावाचा राग असतो. "तंबोरा थोडा द्या. गळ्याचा मॉनिटर वाढवा. ट्रेबल कमी. हार्मोनियम अजून. एको नको, एको काढा." मग एको वाढतो. हा सगळा आलाप गवई ज्या सुरात करतात तो पुढच्या षड्जापेक्षा बरेचदा जास्त मनापासून लागलेला असतो.

साहेब आणि अण्णा या दोघांची गाठ एकदा घालून दिली. अण्णांची एक अतिखासगी कॅसेट, एका बाईंच्या मैफलीची, साहेबांच्या ठेवणीतल्या डेकवर लागली. अण्णा कॅसेट हातातून सोडेनात, साहेब हेड स्पिरिटने पुसल्याशिवाय लावू देईनात. शेवटी गाज सुरू झाली, आणि काय सांगू, ती गाज प्रथमच खोलीभर पसरली. डावीकडे पंखा, उजवीकडे पेल्यांचा आवाज, आणि बाईंच्या विलंबितात, बरोबर मध्यभागी, दोन माणसं कुजबुजत होती. अण्णा इतकी वर्षं ती कॅसेट ऐकत होते, त्यांना ती कधी सापडली नव्हती.

"थांबा, मागे घ्या," साहेब.

मागे घेतलं. एकाने विचारलं होतं, शेवटची गाडी किती वाजता. दुसऱ्याने उत्तर दिलं होतं, पण त्याच क्षणी कुणीतरी बाईंना दाद दिली. पुन्हा मागे. "साडेबारा म्हणतोय," साहेब हर्षभराने म्हणाले. "बघा, रेझोल्युशन बघा." अण्णांचे डोळे भरून आले होते. "म्हणजे ही गिरगावातली नव्हेच. दादर! मी म्हणत नव्हतो?" आता जुनं रेल्वेचं वेळापत्रक मिळालं तर सालही पक्कं होईल, यावर दोघांचं एकमत झालं. टेप आणखी चारदा मागे गेली. बाई दरवेळी त्याच हरकतीपर्यंत येत आणि परत जात.

चहाचे कप न्यायला वहिनी आल्या, क्षणभर दारात थांबल्या. "काय सुंदर जयजयवंती गातायत हो," त्या म्हणाल्या. "सारखं मागे काय नेताय, त्यांना पुढे जाऊ द्या ना. आणि मला हे मोबाइलवर घालून द्या, ओट्याशी काम करताना ऐकेन."

साहेब 'मोबाइल' ऐकून खुर्चीत बसले, आणि अण्णा 'घालून द्या' ऐकून कॅसेट काढायला उठले.